आपल्या हाताला साजेशी रॅकेट



कार्तिक सरत आला, हवेतील दमटपणा ओसरला आणि पहाटेच्या वेळी माहुलीच्या सुळक्यांभोवती धुके रेंगाळू लागले, की आपल्या भागात बॅडमिंटनचा हंगाम सुरू होतो. शहापूर-आसनगावच्या नव्या वसाहतींत, मुरबाडच्या बाजारपेठेमागील अंगणांत, किन्हवली-सरळगावकडील एखाद्या गोदामासमोरच्या सिमेंटच्या फरशीवर चुन्याच्या रेघा उमटतात, दोन खांबांना जाळे बांधले जाते आणि दुकानाचे शटर वर जाण्यापूर्वीचा तासभर फुलाच्या टकटकीने भरून जातो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत रात्री दिव्याच्या उजेडातही एखादा डाव रंगतो. दिवसभर गादीवर वा गल्ल्यावर बसून राहावे लागणाऱ्या आपल्या मंडळींना साडेतेरा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद एवढ्याशा जागेत इतका व्यायाम देणारा दुसरा खेळ क्वचितच सापडेल.

याच दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : रॅकेट कोणती घ्यावी? विचारणाऱ्याने किंमत बहुधा आधीच ठरविलेली असते. कोणी म्हणतो, अडीच हजारांत चांगली कोणती ते सांगा. कोणी म्हणतो, चिरंजीवांना अमुक खेळाडूच्या हातातली तीच हवी आहे. कापडाचा पोत बोटांनी, धान्याचा दाणा दाताखाली आणि सोन्याचा कस कसोटीवर पारखणारा आपला व्यापारी समाज रॅकेट घेताना मात्र पारखीचा सारा सराव विसरतो आणि चित्र पाहून माल उचलतो, याचे मला नवल वाटते. म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेणारा माणूससुद्धा ती आधी आपल्या खांद्यावर टाकून पाहतो.

ज्यांचे चित्र पाहून रॅकेट घेतली जाते त्यांच्यापासूनच आरंभ करू. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील योनेक्स कंपनीच्या कारखान्यात सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. त्याचा दुहेरीतील जोडीदार चिराग शेट्टी हा आपल्या मुंबईचा. २०२२ साली भारताने प्रथमच थॉमस चषक जिंकला त्या संघात हे दोघे होते आणि पुढील वर्षी हांगझो येथे त्यांनी आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदकही मिळविले. अशा खेळाडूंच्या रॅकेटचे डोके बहुधा जड असते, दांडा कडक असतो आणि तारांवर अठ्ठावीस ते बत्तीस पौंडांचा ताण असतो. हे सारे त्यांच्या उपयोगी पडते, कारण त्यांचा हात त्या दांड्याला वाकवू शकतो. दररोज काही तास सराव आणि त्याखेरीज शरीर घडविण्याची मेहनत करून त्यांनी ती शक्ती कमावलेली असते. आठवड्यातून चार दिवस खेळणाऱ्या गृहस्थाच्या हाती तीच रॅकेट दिली, तर ती त्याचे काम हलके करण्याऐवजी त्याच्याकडून काम मागू लागते.

याउलट एक जुने उदाहरण पाहावे. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५३ साली, वयाच्या विशीत, राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले आणि १९५६ साली क्वालालंपूर येथे सेलेंजर चषक जिंकून परदेशातील स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान मिळविला. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला पुरस्कार त्यांनाच लाभला. त्यांच्या काळातील रॅकेट लाकडी चौकटीच्या, आजच्यापेक्षा कितीतरी जड. पावसाळ्यात चौकट वाकू नये म्हणून ती चार कोपऱ्यांना पेच असलेल्या लाकडी पकडीत आवळून ठेवावी लागे. आपल्यापैकी साठी ओलांडलेल्या कित्येकांच्या माळ्यावर अशी पकड अजूनही सापडेल. तसले जड हत्यार हाती असूनही नाटेकरांची ख्याती होती ती नाजूक स्पर्शाची, जाळ्यालगत फूल अलगद सोडण्याची आणि बॅकहँडच्या अचूकतेची. हाती कोणतेही साधन आले तरी माणूस अखेर स्वतःचाच खेळ खेळतो. म्हणून आधी खेळ ओळखावा आणि मग त्या खेळाला साधन जोडावे, हा क्रम उलटू नये.

आपला खेळ ओळखावा कसा? यासाठी मी सुचवितो ती पद्धत आपल्या मंडळींना नवी वाटणार नाही. घरातील कोणा एकास वही देऊन कडेला बसवावे. जमा आणि नावे असे दोन रकाने आखावेत. एकवीस गुणांचे तीन-चार डाव खेळावेत आणि प्रत्येक गुण कसा मिळाला, कसा गेला, हे त्या वहीत दोन शब्दांत टिपवून घ्यावे : ‘मागून स्मॅश’, ‘जाळ्यावर ड्रॉप’, ‘समोरचा चुकला’, ‘उंच फटका अर्ध्यातच पडला’, ‘अंगावरचे फूल परतवता आले नाही’. चार डावांनंतर वही उघडली, की आपण स्वतःविषयी बाळगलेल्या कल्पना आणि हिशेब यांत केवढे अंतर आहे ते कळते. स्वतःस स्मॅशचे बहाद्दर समजणाऱ्या अनेकांच्या जमेच्या रकान्यात ‘समोरचा चुकला’ हीच नोंद सर्वाधिक वेळा आढळेल. त्यात वाईट काही नाही. चिकाटीने फूल परत पाठवीत राहणे हीही एक खेळशैलीच आहे, आणि तिलाही तिची रॅकेट असते.

जमेपेक्षा नावेचा रकाना अधिक बोलका असतो असे माझे मत आहे. मागच्या रेषेवरून मारलेला उंच फटका समोरच्या मागच्या रेषेपर्यंत पोहोचत नसेल, तर कित्येकजण अधिक जड किंवा अधिक ताणलेली रॅकेट घेतात. खरे पाहता अशा वेळी लवचीक दांडा आणि तारांचा कमी ताण हात देतात. समोरून आलेला वेगवान फटका अंगाशी अडत असेल, बॅकहँडला रॅकेट वेळेवर पोहोचत नसेल, तर रॅकेटचे डोके आपल्या मनगटास जड होत आहे असे समजावे.

आता हे ‘डोके जड’ म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण दुकानात सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. रॅकेटच्या मुठीजवळ ३यू, ४यू, ५यू असे छापलेले असते. हे वजनाचे वर्ग आहेत, आणि यूच्या आधीचा आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी. योनेक्सच्या मोजणीप्रमाणे ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आपल्या जुन्या मापात सांगायचे तर ३यू म्हणजे साडेसात तोळ्यांच्या आसपास आणि ४यू म्हणजे सात तोळ्यांच्या आसपास. दोहोंतील फरक अर्ध्या तोळ्यास पोहोचत नाही. नियमाप्रमाणे फुलाचे वजनही ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून कमीच. एवढासा फरक हाताला कसा जाणवतो? वखारीतील जुन्या काट्याची दांडी आठवावी. दांडीवरचे लहानसे वजन टोकाकडे सरकविले की त्याच्या जोरावर अख्खे पोते तोलले जाते. रॅकेटचेही तसेच : तेच पाच ग्रॅम मुठीजवळ असले तर मनगटास कळतही नाहीत, आणि चौकटीच्या टोकाशी असले तर प्रत्येक फटक्यास कळतात. म्हणून एकूण वजनापेक्षा ते वजन कोठे बसविले आहे याला महत्त्व अधिक.

ते पाहण्यास यंत्र लागत नाही. रॅकेटचा दांडा तर्जनीवर आडवा ठेवावा आणि ती डळमळायची थांबेपर्यंत बोट सरकवावे. मुठीच्या बुडापासून त्या तोलबिंदूपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. ढोबळ मानाने २८५ मिलिमीटरच्या आत असेल तर डोके हलके, २८५ ते २९५ असेल तर समतोल, त्याहून अधिक असेल तर डोके जड. मुठीवर एक जादा पट्टी गुंडाळली की तोल किंचित मुठीकडे सरकतो, हेही ध्यानात ठेवावे. कधी कधी नवी रॅकेट घेण्याऐवजी तेवढ्यानेच काम भागते.

ज्यांच्या जमेच्या रकान्यात मागून मारलेल्या स्मॅशच्या नोंदी खरोखरच अधिक आहेत, ज्यांचा हात वेगाने फिरतो आणि ज्यांना एकेरी खेळण्याची आवड आहे, त्यांनी जड डोक्याची घ्यावी. दुहेरीत जाळ्याजवळ उभे राहून फूल वरच्या वर टिपणाऱ्यांस, आडवे, सपाट, वेगवान फटके मारणाऱ्यांस आणि बचाव करून समोरच्याला थकविणाऱ्यांस हलक्या डोक्याची रॅकेट शोभते. मधल्या सर्वांसाठी, आणि आपल्यातील बहुसंख्य मंडळी मधलीच आहेत, समतोल तोलाची ४यू हीच योग्य. आपल्याकडे मैदान एक आणि खेळणारे आठ अशी स्थिती असल्यामुळे दुहेरीच अधिक खेळली जाते. जोडीदार नेहमीचा असेल तर त्याची वहीही तपासावी. दोघेही मागेच राहू पाहत असतील, तर रॅकेट बदलून त्यांचा प्रश्न सुटणार नाही.

दांड्याच्या लवचीकतेविषयी थोडक्यात सांगतो. एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने चौकटीचे टोक धरून हलकेच वाकवून पाहावे. लवचीक दांडा फटक्यापूर्वी मागे वाकतो आणि सरळ होताना फुलास अधिकचा जोर देतो. हात सावकाश फिरत असेल तर हा जोर उसनवारीसारखा उपयोगी पडतो. ज्याचा हात वेगवान आहे त्याच्या फटक्यापर्यंत मात्र असा दांडा सरळ झालेलाच नसतो, त्यामुळे दिशा चुकते; त्यास कडक दांडा हवा. पन्नाशी ओलांडलेल्या आणि नव्याने शिकणाऱ्या मंडळींनी कडक दांड्याच्या वाटेला जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो.

या आग्रहास कारण आहे. शहापूरमधील माझ्या परिचयाचे एक कापडव्यापारी, वय बावन्न, दोन हिवाळे आपल्या मुलाची रॅकेट वापरीत होते. मुलगा महाविद्यालयाच्या संघात खेळणारा. त्याची रॅकेट जड डोक्याची, कडक दांड्याची, सत्तावीस पौंडांवर ताणलेली आणि तिची मूठ त्याच्या सडपातळ बोटांच्या मानाने बारीक. वडिलांचा हात रुंद. बारीक मूठ घसरू नये म्हणून ते ती घट्ट आवळून धरीत. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस कोपराच्या बाहेरच्या बाजूस कळ येऊ लागली. प्रथम ती खेळतानाच येई. पुढे कापडाचा तागा उलगडताना, आणि त्यानंतर सकाळी दुकानाचे शटर उचलताना. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचे मूळ कोपराच्या बाहेरील हाडाशी असते आणि घट्ट पकड व वारंवारचे हिसके यांमुळे तेथे इजा होते. टेनिस एल्बो या नावाने ओळखला जाणारा हा विकार चाळिशी-पन्नाशीत विशेष आढळतो आणि तो होण्यास टेनिस खेळावेच लागते असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी काही महिने खेळ बंद ठेवला, सांगितलेले व्यायाम केले आणि परतले ते लवचीक दांड्याची, समतोल तोलाची, एकवीस पौंडांवर ताणलेली, जाड मुठीची रॅकेट घेऊन. ही रॅकेट आधीच्या निम्म्या किमतीचीही नव्हती. ज्याच्या उपजीविकेत उजवा हात दिवसभर लागतो, त्याने हौशीसाठी तो गहाण टाकू नये. कोपर किंवा खांदा दोन आठवड्यांहून अधिक दुखत राहिला, तर रॅकेट बदलण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मुठीच्या जाडीसाठी जी४, जी५, जी६ अशी चिन्हे असतात. योनेक्सच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितकी मूठ बारीक. नेहमीच्या पद्धतीने मूठ धरल्यावर बोटांची टोके आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यामध्ये करंगळीएवढी फट राहिली तर माप योग्य. शंका असेल तर बारीक घेऊन वर पट्टी गुंडाळावी. जाड मूठ बारीक करता येत नाही. आपल्याकडे पावसाळाभर घाम आणि दमट हवा यांची संगत असते. त्या दिवसांत टॉवेलच्या कापडाची पट्टी घाम शोषते खरी, परंतु ओली राहिली की तिला वास येतो आणि बुरशीही धरते, म्हणून ती वरचेवर बदलावी.

आता तारांकडे वळू. आपल्याकडे रॅकेटच्या तारांना आणि त्या ओवून घेण्याच्या कामाला सर्रास ‘गटिंग’ म्हणतात. ‘गटिंग तुटले’, ‘गटिंग करून आणले’ हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी रोजचे आहेत. या शब्दाचे मूळ फारसे कोणी तपासत नाही. इंग्रजीत ‘गट’ म्हणजे आतडे. पूर्वी या तारा मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यांपासून बनविल्या जात, त्यावरून हे नाव पडले. आज बॅडमिंटनच्या तारा जवळजवळ सर्वत्र नायलॉनच्या आणि तत्सम कृत्रिम धाग्यांच्या असतात; आतड्याच्या तारा अजून बनतात, त्या प्रामुख्याने टेनिससाठी. तेव्हा आपल्या घरातील ‘गटिंग’मध्ये बहुधा नाव तेवढे जुने उरले आहे. तरीही आजोबांच्या काळातील जुनी रॅकेट कोणी हौसेने दुरुस्त करून घेत असेल, तर तिची मूठ आणि तारा कशाच्या आहेत हे विचारून घ्यावे. जुन्या मुठींवर चामड्याची पट्टी असे.

फुलाचा प्रश्न मात्र नावापुरता राहिलेला नाही. स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक फुलात हंसवर्गीय पक्ष्याची किंवा बदकाची सोळा पिसे असतात, आणि सर्व पिसांचा बाक एकसारखा यावा म्हणून ती एकाच बाजूच्या पंखाची निवडली जातात. बारा फुलांच्या एका नळीत एकशे ब्याण्णव पिसे झाली. जोरकस खेळात एका सामन्याला अनेक फुले लागतात. आपल्यापैकी पुष्कळ घरांनी हा हिशेब करून नायलॉनचे फूल स्वीकारले आहे. काहींनी विवेकाने, काहींनी काटकसरीने, तर काहींनी केवळ ते टिकते म्हणून. कारण कोणतेही असो, माझा मुद्दा रॅकेटशी निगडित आहे आणि तो कोठे फारसा मांडला गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. नायलॉनच्या फुलाने खेळणारा माणूस थोडा वेगळा खेळ खेळत असतो, आणि त्याची रॅकेट त्या खेळाला साजेशी हवी.

वेगळा तो कसा? पिसांचे फूल सुरुवातीस सुसाट निघते आणि पुढे झपाट्याने मंदावून जवळजवळ सरळ खाली पडते. नायलॉनचे फूल त्या मानाने सावकाश मंदावते, त्याचे उड्डाण अधिक सपाट राहते. जोराचा स्मॅश बसला की त्याचा घेर क्षणभर दबतो. जाळ्यालगत फूल गरगर फिरवून सोडण्याची जी कला पिसांच्या फुलात साधते, ती नायलॉनमध्ये तितकीशी साधत नाही. परिणामी नायलॉनवरच्या घरगुती दुहेरीत आडव्या, सपाट, वेगवान फटक्यांची देवाणघेवाण अधिक होते आणि अंगावर येणारे फूल परतविण्याचे प्रसंग वाढतात. अशा खेळात जड डोक्याचा लाभ कमी आणि अडचण अधिक. म्हणून केवळ नायलॉनवर खेळणाऱ्या कुटुंबास मी हलक्या डोक्याची किंवा फार तर समतोल रॅकेट सुचवितो. दुकानदार पिसांच्या फुलाच्या खेळास अनुसरून सल्ला देत असतो. त्याला आपण कोणत्या फुलाने खेळतो ते प्रथम सांगावे.

नायलॉनच्या फुलाच्या बुचावर हिरवा, निळा किंवा लाल पट्टा असतो. हिरवा मंद, निळा मध्यम, लाल जलद. उष्ण हवेत फूल दूर जाते, म्हणून उन्हाळ्यात हिरवा घ्यावा. आपल्या हिवाळ्यातील पहाटेसाठी निळा ठीक. उघड्या अंगणात वारा असेल, तर कोणत्याही रॅकेटने तो आवरत नाही. पुण्याच्या छावणीत १८७०च्या सुमारास हा खेळ ‘पूना’ या नावाने खेळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही वाऱ्याचा जाच होताच. दक्षिणेत वाढलेल्या बॉल बॅडमिंटनमध्ये तर आजही फुलाऐवजी लोकरीचा चेंडू असतो आणि वाऱ्याचा त्याला तितकासा त्रास होत नाही.

एक अवघड प्रश्न उरतो. घरातील मूल गुणी निघाले, ठाण्यास महापालिकेच्या सय्यद मोदी प्रशिक्षण योजनेसारख्या ठिकाणी किंवा अन्यत्र शिकू लागले आणि जिल्हा वा राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचले, की तेथे फूल पिसांचे असते. नायलॉनवर घडलेला हात तेथे पहिले काही महिने चाचपडतो : उंच फटका आखूड पडतो, ड्रॉप जाळ्यात अडतो. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०२० साली कृत्रिम पिसांच्या फुलांना मान्यता देण्याचे ठरविले आणि २०२१ पासून ती आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरण्याची मुभा दिली. परंतु मुभा म्हणजे सक्ती नव्हे, आणि मोठ्या स्पर्धांत नैसर्गिक पिसांचाच वापर चालू राहिला. या बाबतीत प्रत्येक घराने आपापला निर्णय घ्यावा. कोणाचा निर्णय कमी-अधिक ठरविण्याचा अधिकार या स्तंभास नाही. माझे म्हणणे इतकेच, की हा विषय मुलाशी नवव्या-दहाव्या वर्षीच बोलावा. चौदाव्या वर्षी, निवडीच्या आदल्या आठवड्यात, घरातील वडीलधाऱ्यांनी तो प्रथमच काढला तर मुलाच्या मनात दोन्हींविषयी कडवटपणा राहतो, खेळाविषयीही आणि घराच्या व्रताविषयीही. एक मध्यम मार्ग काही घरे अनुसरतात : सराव आणि घरचा खेळ नायलॉनवर किंवा कृत्रिम पिसांवर, आणि पिसांचे फूल केवळ स्पर्धेपुरते व तिच्या आधीच्या थोड्या दिवसांपुरते. अशा मुलाची रॅकेट समतोल असावी आणि बदल करायचा तो तारांच्या ताणात करावा. दोन प्रकारच्या फुलांसाठी दोन वेगळ्या तोलांच्या रॅकेट वापरल्या तर हात गोंधळतो. फुलाच्या बुचावरील पातळ आवरण पूर्वी चामड्याचे असे. आता ते बहुधा कृत्रिम असते, तरी ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी नळी घेताना तेही विचारावे.

लहानांविषयी आणखी थोडे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती पूर्ण लांबीची रॅकेट देऊ नये. कमी लांबीच्या रॅकेट मिळतात. ‘वाढत्या अंगाचे’ कपडे घेण्याची आपली रीत येथे चालत नाही, कारण मूल जड रॅकेट पेलण्यासाठी दोन हातांनी किंवा खांदा वाकडा करून मारू लागते आणि ती सवय पुढे जाता जात नाही. गुलाबी रंगाच्या ‘लेडीज रॅकेट’ या प्रकारास माझ्या लेखी काही अर्थ नाही. रॅकेटला तोल, दांडा, मूठ आणि ताण एवढेच असते. सुनेने किंवा लेकीनेही आपली वही लिहून त्यावरूनच निवडावी. आपल्यापेक्षा जोरकस खेळणाऱ्या भगिनी या भागात कमी नाहीत.

तारांच्या ताणाचा हिशेब साधा आहे, पण तो उलटा वाटतो. ताण कमी असेल तर तारांचे झोळणे फुलास अधिक जोराने फेकते आणि चौकटीतील मोठा भाग कामाचा राहतो. ताण वाढविला तर दिशेवर नेमका ताबा येतो, परंतु जोर स्वतःच्या हातातून काढावा लागतो, आणि फूल मधोमध बसले नाही तर हिसका थेट कोपरात जातो. नवशिक्याने आणि प्रौढाने २० ते २२ पौंड, नियमित खेळणाऱ्याने २३ ते २५, आणि त्यापुढे प्रशिक्षकाच्या सल्ल्यानेच जावे. चौकटीवर कमाल ताण छापलेला असतो, तो ओलांडू नये. स्वस्त चौकटी तेथेच मोडतात. तारांच्या निवडीत आपल्या भागाची एक अडचण आहे. ताणाचे यंत्र असलेला कारागीर अनेकांना जवळ मिळत नाही. रॅकेट कल्याण किंवा ठाण्याला पाठवावी लागते, आणि मुरबाडहून तर तेवढ्यासाठी बसचा फेरा पडतो. म्हणून अतिबारीक, खणखणीत आवाजाच्या तारांचा मोह टाळून ०.७० मिलिमीटरची जाड, टिकाऊ तार, उदाहरणार्थ योनेक्सची बीजी ६५, घ्यावी. तार तुटली तर रॅकेट तशीच खुंटीला अडकवू नये; एका बाजूचा ताण सुटल्याने चौकट वाकडी होते. मधल्या तारांपासून आरंभ करून सर्व तारा त्याच दिवशी कापून टाकाव्यात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत रॅकेट ठेवू नये.

नामांकित छापाच्या नकली रॅकेट बाजारात पुष्कळ आहेत, तेव्हा पक्के बिल घ्यावे आणि दांड्यावरचा क्रमांक बिलावर लिहून मागावा. गटिंगला रॅकेट पाठविताना ती नेणाऱ्याच्या भरवशावर निरोप न ठेवता मुठीला एक चिठ्ठी बांधावी : तारेचे नाव, ताण किती पौंड, आपला दूरध्वनी आणि तारीख. रॅकेट परत आली की तीच चिठ्ठी वहीत चिकटवावी. पुढील गटिंगच्या वेळी मागचा ताण बोटाला कसा वाटला होता आणि तो किती महिने टिकला, हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही.